बोली लावणाऱ्याचं नाव झाकलेल्या ऑनलाइन लिलावात उतरावं का? कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

उद्यमनगरात आमचं लहानसं मशीन शॉप आहे. तिथलं मोठं लेथ ऑनलाइन लिलावातून घेतलेलं आहे आणि ते ज्या गाळ्यात उभं आहे तो गाळाही बँकेच्या ई-लिलावातलाच. त्यामुळे ओळखीतल्या कुणी पेपरात जाहिरात बघितली की फोन येतो. प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "दादा, समोर बोली कोण लावतंय तेच दिसत नाही. बँकेचाच माणूस भाव चढवत नसेल कशावरून?"

शंका रास्त आहे. आयुष्यभराची कमाई लावताना समोर कोण आहे हे माणूस विचारणारच. माझं मत असं: नाव झाकलंय एवढ्यावरून लिलाव खोटा ठरत नाही, तसा खराही ठरत नाही. नाव कुणापासून झाकलंय, कुणाच्या दप्तरी त्याची नोंद आहे आणि उद्या वाद झाला तर ती नोंद बाहेर काढायला लावता येते का, हे तीन प्रश्न धरून चाला. उत्तरं मिळाली तर बिनधास्त उतरा. एकाचंही उत्तर मिळेना झालं तर भाव कितीही स्वस्त दिसो, सोडून द्या.

१. नावं झाकतात कशासाठी, ते आधी समजून घ्या

जनावरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करतात. तिथे माणसं समोर असतात, भाव झाकलेला असतो. ई-लिलावात उलटं आहे: भाव सगळ्यांना दिसतो, माणूस झाकलेला असतो. झाकण्यामागे कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी तुमच्या फायद्याची आहेत.

पहिलं कारण आपल्या गावाचंच. कोल्हापुरात कोण कुणाचा पाहुणा, कोण कुणाच्या तालमीतला, हे चार फोनांत कळतं. थकलेल्या कर्जापोटी कुणाचा बंगला लिलावात निघाला आणि तुमचं नाव बोलीदारांच्या यादीत उघड झालं, तर संध्याकाळपर्यंत कुणीतरी मध्यस्थ दारात येतो: "जरा थांबा की, त्यांच्या भावकीतलंच कोणीतरी घेणार आहे." नाव झाकलेलं असलं की हा दाब येत नाही.

दुसरं कारण रिंग. चार व्यापारी आधीच ठरवतात, हा माल तुझा, पुढचा माझा, एकमेकांवर चढायचं नाही. समोरासमोरच्या लिलावात अशी रिंग टिकते, कारण शब्द कोणी मोडला ते लगेच दिसतं. नावं झाकली की शब्द मोडणारा लिलाव संपेपर्यंत सापडत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेत मोबाइल लहरींच्या सरकारी लिलावांत कंपन्या बोलीच्या शेवटच्या आकड्यांतून एकमेकींना खुणा करायच्या. रकमेच्या शेपटाला ज्या विभागावरून इशारा द्यायचा त्याचा क्रमांक जोडायच्या. पुढे २००८ च्या मोठ्या लिलावात तिथल्या नियामकाने बोलीदारांची ओळख लिलाव चालू असेपर्यंत झाकूनच ठेवली.

तिसरं कारण फसवणूक. ईबे या परदेशी लिलाव-वेबसाइटवर पूर्वी बोलीदारांची खाती उघड दिसायची. ठग ती नावं उचलून हरलेल्यांना विक्रेत्याच्या नावाने मेल पाठवायचे. २००६-०७ च्या सुमारास ईबेने ती नावं तारांकित करायला सुरुवात केली. या प्रकाराबद्दल खाली आठव्या पायरीत सविस्तर लिहिलं आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. पडदा असला की विक्रेता स्वतःच दुसऱ्या खात्यातून बोली लावून भाव फुगवू शकतो. २०१० साली इंग्लंडमध्ये एका विक्रेत्याला ईबेवर स्वतःच्याच मालावर बोली लावल्याबद्दल कोर्टाने दंड केला. म्हणून पुढच्या पायऱ्या.

२. लिलाव कुणाचा आहे ते ओळखा

सगळ्या ऑनलाइन लिलावांना एकाच तराजूत तोलू नका.

बँकांचे लिलाव बहुतेक सरफेसी कायदा, २००२ (थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता कोर्टात न जाता विकू देणारा कायदा) खाली होतात. सरकारी बँकांच्या मालमत्ता बँकनेट या पोर्टलवर दिसतात, खासगी बँका आणि वित्तसंस्था वेगवेगळ्या लिलाव कंपन्यांची पोर्टलं वापरतात. इथे प्रत्येक बोलीदाराची केवायसी झालेली असते आणि त्याने अनामत भरलेली असते, साधारणपणे राखीव किमतीच्या (ज्याच्या खाली माल विकत नाहीत त्या किमतीच्या) १० टक्के. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पन्नास लाखांच्या गाळ्यावर डमी उभा करायचा तर त्याचे खरे पाच लाख अडकवावे लागतात, त्याचा पॅन नोंदवावा लागतो आणि बोली चुकून त्याच्यावरच थांबली तर पैसे जाण्याची भीती असते. नाव झाकलेलं असलं तरी खोटेपणा महाग पडतो.

पतसंस्था आणि काही सहकारी बँका महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५६ आणि नियम १०७ खाली वसुली अधिकाऱ्यामार्फत विक्री करतात. तिथले पैसे भरण्याचे नियम वेगळे आहेत. सरफेसीचे आकडे तिथे लावू नका, त्यांची नोटीस स्वतंत्रपणे वाचा.

सरकारी भंगार, जुनी यंत्रं, वाहनं यांचे लिलाव एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या पोर्टलवर आणि रेल्वेच्या स्वतःच्या पोर्टलवर होतात. आपल्याकडचे फौंड्रीवाले भंगारासाठी तिथे असतातच.

उरले खासगी वेबसाइटवरचे, व्हॉट्सअॅप आणि फेसबुक ग्रुपवरचे लिलाव: जुनी नाणी, घड्याळं, मोबाइल, जप्तीच्या गाड्या. इथे खातं फुकट निघतं, अनामत नसते, ग्रुपचा अॅडमिन आणि विक्रेता एकच असतो. अशा ठिकाणी नावं झाकलेली असतील तर माझा सल्ला एका शब्दात: नको. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी कमिशन मागणारेही याच वर्गातले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि ती असलं कुठलंही शुल्क घेत नाही.

३. पोर्टल खरं आहे का ते पेपरवरून तपासा

गुगलवर शोधून पहिल्या लिंकवर जाऊ नका. हुबेहूब नकली पोर्टलं निघतात. सरफेसीच्या लिलावाची नोटीस दोन प्रमुख वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं असावं लागतं. म्हणजे आपल्या भागातल्या मालमत्तेची नोटीस मराठी पेपरात असणारच. त्या नोटिशीत प्राधिकृत अधिकाऱ्याचं (बँकेतर्फे विक्री करणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव आणि फोन, पोर्टलचा पत्ता, राखीव किंमत, अनामत, बोलीची किमान वाढ, तारीख आणि वेळ असते. पत्ता तिथूनच अक्षर अक्षर बघून टाइप करा. मग शाखेत प्रत्यक्ष जाऊन विचारा, ही नोटीस तुमचीच ना? अर्ध्या तासाचं काम आहे.

अनामत ज्या खात्यावर भरायची ते खातं बँकेच्या किंवा पोर्टलच्या नावाचं असलं पाहिजे. व्यक्तीच्या नावाचं खातं किंवा कुणाचा यूपीआय क्रमांक दिला तर तिथेच थांबा.

४. हे प्रश्न लेखी विचारा

फोनवर नाही, ईमेलवर. प्राधिकृत अधिकाऱ्याला पाठवा आणि पोर्टलच्या मदत कक्षाला त्याची प्रत द्या.

– बोलीदारांची खरी नावं लिलाव चालू असताना कुणाकुणाला दिसतात? विकणाऱ्या संस्थेला दिसतात का?
– किती जणांनी अनामत भरली हा आकडा लिलावाआधी किंवा नंतर कळेल का?
– हा लिलाव पहिल्यांदा होतोय की आधी होऊन गेलाय? या खेपेला बँक स्वतः बोली लावणार आहे का?
– लिलाव संपल्यावर सगळ्या बोलींचा वेळेसह तक्ता सहभागींना मिळेल का? किती काळ जपून ठेवला जातो?
– शेवटच्या मिनिटांत बोली आली तर वेळ किती वाढते?

तिसऱ्या प्रश्नाला कारण आहे. सरफेसी कायद्याच्या कलम १३(५अ) प्रमाणे, आधीच्या लिलावात राखीव किमतीएवढी बोली न आल्यामुळे विक्री पुढे गेली असेल, तर पुढच्या लिलावात बँकेचा अधिकृत अधिकारी बँकेतर्फे त्या स्थावर मालमत्तेवर बोली लावू शकतो. ते कायदेशीर आहे. पण झाकलेल्या नावांत बँकही असू शकते हे तुम्हाला आधी माहीत असावं, म्हणजे समोरची बोली बघून "बाजारभाव एवढा असणारच" असा समज होणार नाही.

उत्तर आलं नाही किंवा "ते सगळं सिस्टिम बघते" असं मोघम आलं, तर तेही उत्तरच समजा. एका खासगी पोर्टलने मला तीन आठवडे असंच झुलवलं होतं. तो माल मी सोडून दिला.

५. कागदपत्रं जमवा

बोलीच्या आदल्या दिवशी धावपळ केली की केवायसी अडकते. आठवडाभर आधी हे तयार ठेवा:

– पॅन आणि आधार (मोबाइल क्रमांक आधारला जोडलेला हवा, ओटीपी त्यावरच येतो)
– रद्द केलेला चेक किंवा पासबुकाचं पहिलं पान, कारण हरलात तर अनामत त्याच खात्यावर परत येते
– फर्मच्या नावाने घेत असाल तर जीएसटी नोंदणी, भागीदारी पत्र किंवा कंपनीचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र
– काही पोर्टलांना वर्ग ३ ची डिजिटल सही लागते. तिची मुदत संपलेली नाही ना बघा
– अनामत भरल्याची पावती, यूटीआर क्रमांकासह (पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक)
– सही करून अपलोड केलेल्या अटी-शर्तींची स्वतःकडे एक प्रत

ज्याच्या नावाने बोली, त्याच्याच नावाने विक्री प्रमाणपत्र (मालकीचा कागद) निघतं. "माझ्या नावाने बोली लावतो, नंतर पोराच्या नावावर करू" हे इथे चालत नाही.

६. माल डोळ्यांनी बघा

बँकांचे आणि सरकारी ई-लिलाव बहुतेक "जसं आहे, जिथे आहे" या अटीवर असतात. म्हणजे नंतर तक्रारीला वाव जवळजवळ नाही. माझ्या अनुभवात नवखे लोक समोरच्या बोलीदाराचा संशय घेण्यात जेवढा वेळ घालवतात त्याच्या निम्माही माल बघण्यात घालवत नाहीत.

यंत्र असेल तर जाणता फिटर बरोबर न्या. लेथ असेल तर बेडवरून (खालच्या लांब पट्ट्यांवरून) बोट फिरवत चकपासून (काम पकडून फिरवणाऱ्या टोकापासून) टेलस्टॉकपर्यंत (दुसऱ्या टोकापर्यंत) जा. बहुतेक काम चकजवळ होतं, त्यामुळे झीज तिथेच होते. टेलस्टॉककडचा भाग कोरा करकरीत आणि चकजवळ पायरी लागली तर बेड ग्राइंडिंगचा खर्च भावात धरा. क्रॉस स्लाइडचा हँडल उलटसुलट फिरवून किती मोकळा जातो ते बघा. वीज जोडलेली नसेल तर हेडस्टॉकचं झाकण उघडून गिअरचे दात बघायची परवानगी मागा. मागितली की बहुधा देतात.

जागा असेल तर काम जास्त आहे. ताबा सांकेतिक आहे की प्रत्यक्ष, हा पहिला प्रश्न. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस लावलीय, आत माणसं राहतात. त्यांना बाहेर काढायला जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्यात महिने जातात. मग प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदीचा उतारा), सरसाईवरची (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीतली) बोजाची नोंद, घरफाळ्याची आणि पाणीपट्टीची थकबाकी, महावितरणचं थकलेलं बिल. ही थकबाकी सहसा घेणाऱ्याच्या गळ्यात येते. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी आणि भोगवटादार वर्ग २ च्या (विकायला सरकारी परवानगी लागते अशा) जमिनी बऱ्याच आहेत, सातबाऱ्यावर तो शेरा आहे का हे वकिलाकडून बघून घ्या. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलचा औद्योगिक प्लॉट असेल तर जमीन एमआयडीसीची आणि भाडेपट्ट्याची. हस्तांतराला तिची परवानगी आणि शुल्क लागतं.

या सगळ्यावरून स्वतःचा आकडा ठरवा. दुरुस्ती, वाहतूक, मुद्रांक शुल्क, थकबाकी वजा करून जो उरतो तो तुमचा शेवटचा भाव. वहीत लिहा आणि घरातल्या एका माणसाला दाखवून ठेवा. डमी बोलीदार तुम्हाला त्या आकड्याच्या पुढे ओढूनच नुकसान करू शकतो. तुम्ही तो ओलांडलाच नाही तर समोर खरा माणूस होता की खोटा, याने तुमच्या खिशाला फरक पडत नाही.

७. लिलावाच्या दिवशी

पडद्यावर साधारण चार गोष्टी असतात: चालू सर्वोच्च बोली, तुमचा क्रम, किमान वाढ आणि उरलेला वेळ. समोरचा "बोलीदार ३" किंवा तारांकित अक्षरांत दिसतो. काही ठिकाणी तेवढाही नाही, फक्त रक्कम.

घड्याळ पोर्टलचं धरा, मनगटावरचं नाही. बँकांच्या लिलावात बहुतेक ठिकाणी शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढते आणि असं कितीही वेळा होऊ शकतं. त्यामुळे शेवटच्या सेकंदाला बोली टाकण्याची युक्ती तिथे निरुपयोगी आहे. ईबेसारख्या ठिकाणी वेळ वाढत नाही आणि तुमची कमाल रक्कम यंत्रणा थोडी थोडी करून वापरते. तिथे कमाल रक्कम दोन दिवस आधी टाकून ठेवलीत, तर खोटा बोलीदार लहान लहान बोलींनी ती चाचपत वर येतो. तिथे शेवटच्या टप्प्यातच बोली टाका.

बोली टाइप केल्यावर अक्षरी रक्कम वाचूनच होकार द्या. बँकांच्या लिलावात एक शून्य जास्त पडलं तरी बोली मागे घेता येत नाही.

दर काही मिनिटांनी वेळेसह पडद्याचा फोटो काढत राहा. मोबाइलचं इंटरनेट राखीव ठेवा. लाइट गेली, नेट गेलं या कारणाने लिलाव थांबत नाही.

खोट्या बोलीची लक्षणं मला जी खात्रीची वाटतात ती एवढीच: एकच खातं त्याच विक्रेत्याच्या मालावर सतत दिसतं आणि कधी जिंकत नाही, तुम्ही बोली टाकताच दर खेपेला तेवढ्याच किमान वाढीने उत्तर येतं आणि मग अचानक थांबतं, वर गेलेली बोली मागे घेतली जाते, विकला गेलेला माल "घेणाऱ्याने पैसे भरले नाहीत" म्हणून पुन्हा पुन्हा यादीत येतो. ईबेवर तारांकित नावावर टिचकी मारली की त्या खात्याच्या गेल्या ३० दिवसांतल्या किती टक्के बोली याच विक्रेत्यावर होत्या ते दिसतं. नावं झाकूनही विश्वास कसा देता येतो याचा हा चांगला नमुना आहे. एक सांगून ठेवतो, किमान वाढीने उत्तर देणारा खरा घेणारही असू शकतो. दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तरच संशय धरा.

८. निकालानंतर

जिंकलात तर सरफेसीत वेळ फार कमी असतो. अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी, आणि उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. मुदत लेखी संमतीने वाढू शकते, पण एकूण तीन महिन्यांच्या पुढे नाही. पैसे चुकले तर भरलेली रक्कम जप्त होते. पूर्ण २५ टक्के जप्त करणं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राह्य धरलं आहे. म्हणून कर्ज मंजूर होईल या भरवशावर उतरू नका, मंजुरी हातात घेऊनच उतरा. जागेचा व्यवहार ५० लाख किंवा त्याहून वर असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो, तेही विसरू नका.

हरलात तर अनामत परत आल्याची खात्री करा. आणि सावध राहा. दोन दिवसांनी फोन किंवा मेल येऊ शकतो: "पहिल्या माणसाने माघार घेतली, तुमच्याच बोलीला माल देतो, आजच्या आज या खात्यावर पैसे टाका." खरी बँक असा व्यवहार फोनवर करत नाही. नोटिशीतल्या मूळ क्रमांकावर स्वतः फोन लावा. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

९. लिलावात गडबड वाटली तर

वस्तूंच्या लिलावासाठी मालविक्री कायदा, १९३० चं कलम ६४ आहे. विक्रेत्याने बोली लावायचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल तर त्याने स्वतः किंवा माणूस उभा करून बोली लावणं बेकायदेशीर आहे. भाव चढवायला खोटी बोली वापरली तर घेणारा तो व्यवहार रद्द करून मागू शकतो. बोलीदारांनी आपसात संगनमत केलं असेल तर स्पर्धा कायदा, २००२ चं कलम ३ लागू होतं.

स्थावर मालमत्तेच्या सरफेसी लिलावाबद्दल दाद कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे मागायची, आपल्याला पुण्याला जावं लागतं. कलम १७ खाली मुदत ४५ दिवसांची आहे, म्हणून वाट बघत बसू नका. आधी प्राधिकृत अधिकाऱ्याला लेखी पत्र देऊन बोलींचा वेळेसह तक्ता, अनामत भरलेल्यांची संख्या आणि सर्व्हरची नोंद जपून ठेवण्याची मागणी करा आणि पोच घ्या. बँक सरकारी असेल तर हीच माहिती माहिती अधिकारातही मागता येते. नावं दिली नाहीत तरी संख्या आणि वेळा मागा. सोबत तुमचे पडद्याचे फोटो, चौथ्या पायरीतले ईमेल आणि अनामतीची पावती जोडा. वकिलाकडे जाताना एवढी फाइल हातात असली की अर्जाचं पहिलं पान तिथल्या तिथे लिहून होतं.